क्वेरी क्षणात, जोडणीला मात्र पाच सेकंद: डेटाबेसच्या दारात कोण अडतं?

२० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला विभाग कोलमडला आणि जगभरातली असंख्य अ‍ॅप्स कित्येक तास अडून बसली. त्या दिवशी डायनॅमोडीबी हा त्यांचा डेटाबेस जागेवर होता. हरवलं होतं ते त्याचं नाव. नावांच्या नोंदी आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेतल्या दोन प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या आणि डेटाबेसच्या पत्त्याची नोंदच रिकामी झाली. घर तिथेच होतं, पण पत्ता विचारणाऱ्याला कुणी सांगू शकत नव्हतं.

एवढी मोठी पडझड क्वचित होते. याच दुखण्याचं छोटं रूप मात्र ऑफिसांत, सर्व्हरवर आणि प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर रोज भेटतं. प्रोग्रॅम सुरू केला की डेटाबेसशी जोडणी व्हायला पाच सेकंद लागतात, कधी दहा. एकदा जोडणी झाली की सगळं सुरळीत. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, काही मिलिसेकंदांत उत्तर घेऊन परत येते. तरी तक्रार एकच ऐकू येते, ‘डेटाबेस स्लो आहे.’ मग इंडेक्स तपासले जातात, मेमरी वाढवली जाते, ड्रायव्हरची आवृत्ती बदलली जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हे दुखणं ओळखायला अवघड नाही, पण कुणी कधी समजावून सांगितलेलं नसतं म्हणून चांगल्या माणसांचे दिवसच्या दिवस त्यात जातात. म्हणून हा लेख.

## नाव माणसासाठी, नंबर मशीनसाठी

फोनमध्ये आपण मैत्रिणीचं नाव शोधतो, पण फोन लागतो नंबरवर. नाव आपल्या सोयीसाठी असतं. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला एक नंबर असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये मात्र आपण बहुतेकदा डेटाबेस सर्व्हरचं नाव लिहितो. त्या नावावरून नंबर शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस.

पूर्वी हे काम एकाच फाइलवर चालायचं. इंटरनेटच्या आधीच्या काळात नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनची नावं आणि नंबर स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एका यादीत ठेवले जात आणि सगळे जण ती यादी उतरवून घेत. मशीन वाढली तशी ती यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची कल्पना मांडली: एक यादी नको, ज्याची नावं त्याने सांभाळायची आणि विचारणाऱ्याने योग्य त्या ठिकाणी विचारायचं. त्या जुन्या यादीचा वंशज आजही प्रत्येक कॉम्प्युटरवर ‘होस्ट्स’ नावाच्या छोट्या फाइलच्या रूपात शिल्लक आहे. पुढे तिचा उपयोग येणार आहे.

आता ड्रायव्हर. आपला प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामधला हा दुभाषा. आपण कोडमध्ये ‘कनेक्ट’ अशी एकच ओळ लिहितो, पण त्या एका ओळीत ड्रायव्हरला बरीच कामं करावी लागतात. आधी नावाचा नंबर शोधायचा. मग त्या नंबरच्या मशीनशी संपर्क साधायचा. मग गरज असेल तर सगळं बोलणं सांकेतिक करण्याची बोलणी करायची. मग युजरनेम आणि पासवर्ड द्यायचा. यातल्या कोणत्याही पायरीवर वेळ गेला तरी आपल्याला दिसतं एवढंच, की कनेक्टला वेळ लागला. आणि पहिल्या पायरीपर्यंत डेटाबेसला आपण येतोय हे कळलेलंसुद्धा नसतं. त्याच्या लॉगमध्ये या वाट पाहण्याची नोंद सापडणार नाही, कारण ती त्याच्या दाराबाहेर घडते.

## ‘नाही’ परवडतं, मौन परवडत नाही

सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

नाव विचारल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. नंबर मिळतो. किंवा ‘असं नाव नाही’ असं स्पष्ट उत्तर मिळतं. किंवा काहीच उत्तर येत नाही. पहिल्या दोन्ही गोष्टी मिलिसेकंदांत उरकतात. नकारही झटपट येतो आणि प्रोग्रॅम पुढचा मार्ग धरतो. वेळ खातं ते तिसरं, म्हणजे मौन.

नावाची चौकशी साधारणपणे यूडीपी नावाच्या पद्धतीने जाते. तिच्यात पोच मिळत नाही. साध्या टपालाने पत्र टाकल्यासारखं आहे हे: पत्र पोचलं नाही, की पोचलं पण समोरच्याने लिहिलं नाही, की उत्तर वाटेत गहाळ झालं, यातलं काहीच कळत नाही. ठरावीक वेळ वाट पाहून पुन्हा पत्र टाकणं एवढंच हातात असतं. बहुतेक लिनक्स मशीनवर ही ठरावीक वेळ पाच सेकंद असते आणि दोन वेळा प्रयत्न होतात. ज्यांना विचारायचं अशा सर्व्हरची यादी ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये असते आणि तिच्यातले जास्तीत जास्त तीन सर्व्हर वापरले जातात.

समजा त्या यादीतला पहिला सर्व्हर कुणीतरी गेल्या महिन्यात बंद केला आणि यादी बदलायची राहिली. आता प्रत्येक चौकशी आधी त्या बंद सर्व्हरकडे जाते, पाच सेकंद थांबते, मग दुसऱ्याकडे जाते आणि तिथून लगेच बरोबर उत्तर घेऊन येते. पहिला सर्व्हर बंद आहे हे मशीनला आता कळलं, पुढच्या वेळी ते थेट दुसऱ्याकडे जाईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. नावं शोधणारा हा साधा भाग असली आठवण ठेवत नाही; प्रत्येक वेळी वरून सुरुवात करतो.

हे दुखणं फसवं आहे ते यामुळे. शेवटी उत्तर बरोबर मिळतं. एरर येत नाही. लॉगमध्ये लाल अक्षर दिसत नाही. फक्त वेळ जातो.

## घड्याळ काय सांगतं ते ऐका

उपाय शोधायच्या आधी जोडणीला लागणारा वेळ दहा-बारा वेळा मोजा आणि आकडे कागदावर लिहा. माझ्या मते यापेक्षा उपयोगी दुसरी पायरी नाही.

आकडे अंदाधुंद असतील, कधी पाऊण सेकंद, कधी दोन, कधी चार, तर सर्व्हरवरचा ताण किंवा गर्दीचं नेटवर्क हे संशयित धरा. पण आकडा पुन्हा पुन्हा पाचच्या किंचित वर किंवा दहाच्या किंचित वर येत असेल, तर कामाला वेळ लागत नाहीये. कुणीतरी कुणाच्या तरी उत्तराची घड्याळ लावून वाट पाहतंय. खरं काम इतकं नेमकं कधीच नसतं. पाच आणि दहा हे नावाच्या चौकशीचे आकडे आहेत.

एक, तीन, सात हे आकडे दिसले तर गोष्ट वेगळी. नाव सापडलं, नंबर मिळाला, पण त्या नंबरकडे टाकलेली पहिली हाक पोचत नाहीये. अशा वेळी लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्या एका सेकंदाने पुन्हा हाक मारतात, मग आणखी दोन सेकंदांनी, मग चार. त्यांची बेरीज एक, तीन, सात. इथे फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरचा पहारेकरी, किंवा हरवणारी पाकिटं, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, शोधायचे. विंडोजवर २१ सेकंद हा असाच ओळखीचा आकडा आहे: उत्तर न देणाऱ्या पत्त्याला हाका मारून ते तेवढ्या वेळाने हार मानतं. एका नावाला दोन नंबर असतील आणि त्यातला पहिला बंद असेल, तर हा वेळ दुसऱ्या नंबरकडे वळायच्या आधीच जातो. मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर’ या डेटाबेसच्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही पत्त्यांना एकदमच हाक मारण्यासाठी ‘मल्टिसबनेट फेलओव्हर’ नावाची सेटिंग आहे ती याचसाठी.

प्रत्येक संथ जोडणीला नाव जबाबदार नसतं, हेही सांगायला हवं. लिनक्सवर जावाचे काही जुने ड्रायव्हर सांकेतिक बोलणीसाठी लागणारे यादृच्छिक आकडे जमेपर्यंत अडून बसत आणि लक्षणं अगदी अशीच दिसत. फरक एवढाच की तो वेळ दर वेळी वेगळा असे. म्हणून आकडे लिहून ठेवा म्हणतो.

## उलटी चौकशी: पाहुण्याचं नाव विचारणारा दारवान

आतापर्यंत आपण जाणाऱ्याच्या बाजूने पाहिलं. पण पुष्कळदा वेळ समोरच्या बाजूला जातो, आणि तो भाग फार कमी लोकांना माहीत असतो.

इमारतीच्या फाटकावर एक दारवान आहे असं समजा. तुम्ही आलात. तो तुम्हाला नाव विचारत नाही. तुमच्या गाडीचा नंबर पाहतो आणि आत फोन करून विचारतो, ‘हा नंबर कुणाचा?’ नाव कळल्यावर तो पुन्हा फोन करतो, ‘या नावाच्या माणसाची गाडी हीच का?’ दोन्ही उत्तरं जुळली की आत सोडतो. आत कुणी फोनच उचलत नसेल तर? तुम्ही फाटकाबाहेर उभे, आणि तुमच्या गाडीत काहीही बिघाड नाही.

मायएसक्यूएल डेटाबेस मुळात असाच वागतो. नेटवर्कवरून जोडणी आली की येणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून तो नाव शोधतो आणि मग त्या नावावरून पुन्हा पत्ता शोधून पडताळतो. कारणही योग्य आहे: ‘अमुक नावाच्या मशीनवरूनच या युजरला प्रवेश’ असे नियम त्यात लिहिता येतात. पण ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमध्ये १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरलेले असतात, आणि नंबरवरून नाव सांगणारी उलटी यादी बनवायची तिथे बहुतेकदा राहूनच जाते. नावावरून नंबर सगळ्यांना लागतो, नंबरवरून नाव कुणाला हवंय, असं वाटून. ती यादी नसली आणि स्पष्ट ‘नाही’ आलं तर काही बिघडत नाही. पण चौकशी भलत्याच सर्व्हरकडे गेली आणि फायरवॉलने ती गिळली, तर मौन. आणि मौन म्हणजे सेकंद.

इथे एक बारकावा आहे. मायएसक्यूएल ही उत्तरं स्वतःच्या आठवणीत ठेवतो. ‘असं नाव नाही’ हे पक्कं उत्तरही ठेवतो. पण उत्तरच आलं नाही तर तो निष्कर्ष काढत नाही. त्याच पत्त्यावरून पुढची जोडणी आली की पुन्हा विचारतो. म्हणजे नकार एकदाच सोसावा लागतो, मौन दर वेळी. ही सगळी नोंद त्याच्या ‘परफॉर्मन्स स्कीमा’मधल्या ‘होस्ट कॅशे’ या तक्त्यात पाहता येते. कुठल्या पत्त्याची पडताळणी पुरी झाली आणि कुठल्याची लटकलेली आहे हे तिथे स्वच्छ दिसतं.

उपाय एका ओळीचा आहे: सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘स्किप नेम रिझॉल्व्ह’ चालू करा. मग दारवान फोन करायचंच सोडून देतो. मात्र ती ओळ लिहायच्या आधी युजरचे नियम तपासा. जे नियम मशीनच्या नावाने लिहिलेत ते यानंतर लागू होणार नाहीत. ते आयपी पत्त्याने लिहावे लागतील. हे न पाहता सर्व्हर पुन्हा सुरू केला तर संथ जोडणीच्या जागी बंद जोडणी मिळेल.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस आपण होऊन अशी चौकशी करत नाही. पण ‘लॉग होस्टनेम’ ही सेटिंग कुणी चालू केली असेल, म्हणजे लॉगमध्ये नंबराऐवजी नाव दिसावं म्हणून, तर प्रत्येक जोडणीला तीच उलटी चौकशी सुरू होते. प्रवेशाच्या नियमांच्या फाइलमध्ये, ‘पीजी एचबीए’मध्ये, आयपी पत्त्याऐवजी मशीनचं नाव लिहिलं असेल तरीही तेच.

मी पाहिलेल्या एका ठिकाणी रोज सकाळी पहिल्या तासात सगळ्यांची अ‍ॅप्स अडखळायची आणि नंतर आपोआप सुधारायची. सर्व्हरवर सकाळी ताण येतो असं सगळ्यांनी मानून घेतलं होतं. शेवटी एकाने ५३ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे डीएनएसच्या दारातून, जाणारी-येणारी पाकिटं टिपून पाहिली. डेटाबेसचा सर्व्हर प्रत्येक नव्या जोडणीमागे एका बंद मशीनला पाहुण्यांची नावं विचारत होता. दिवसभर जोडण्या उघड्याच राहायच्या म्हणून त्रास जाणवत नव्हता. सकाळी सगळ्या एकदम उघडल्या जायच्या. त्या सर्व्हरमध्ये नवी मेमरी घालायची तयारी झाली होती.

## ‘पण डिगने विचारलं तर लगेच उत्तर येतं’

ही सगळ्यात नेहमीची आणि प्रामाणिक शंका. डीएनएसवर संशय घेतला की अनुभवी माणूस ‘डिग’ किंवा ‘एनएसलूकअप’ ही कमांड चालवतो, काही मिलिसेकंदांत उत्तर येतं आणि डीएनएसची निर्दोष सुटका होते.

अडचण अशी की ही दोन्ही साधनं ड्रायव्हरच्या वाटेने जात नाहीत. ती थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात. ड्रायव्हर मात्र ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, आणि सिस्टिमची वाट लांब असते: आधी होस्ट्स फाइल, मग कदाचित आसपासच्या मशीनना हाक, मग डीएनएस. कुणाला कोणत्या क्रमाने विचारायचं हे लिनक्सवर ‘एनएसस्विच डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये ठरतं. शिवाय डिग तुम्ही सांगाल त्याच प्रकारचा पत्ता विचारतो, ड्रायव्हर सहसा जुन्या पद्धतीचा आणि नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपी ४ आणि आयपी ६, असे दोन्ही विचारतो. बिघाड नेमका त्या दुसऱ्या प्रश्नात असू शकतो.

म्हणून लिनक्सवर ‘गेटएंट’ वापरा. ‘गेटएंट एहोस्ट्स’ आणि पुढे सर्व्हरचं नाव, आणि सगळ्याच्या आधी ‘टाइम’ हा शब्द, म्हणजे लागलेला वेळही दिसेल. ही कमांड प्रोग्रॅमच्याच वाटेने जाते. डिगला दोन मिलिसेकंद आणि गेटएंटला पाच सेकंद लागले, तर खड्डा त्या दोन वाटांमधल्या फरकात आहे. ही तपासणी प्रोग्रॅम जिथे चालतो त्याच मशीनवर, प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, चालत असेल तर त्याच्या आत करायला हवी. स्वतःच्या लॅपटॉपवरून केलेली तपासणी सर्व्हरबद्दल काहीच सांगत नाही. आणि उलट्या चौकशीचा संशय असेल तर डेटाबेसच्या मशीनवर बसून येणाऱ्याचा आयपी पत्ता ‘गेटएंट होस्ट्स’ला द्या.

त्या दोन प्रश्नांबद्दल थोडं आणखी. लिनक्स आयपी ४ आणि आयपी ६ हे दोन्ही प्रश्न एकाच वाटेने, पाठोपाठ सोडतं. काही फायरवॉल आणि राउटर पहिलं उत्तर आत सोडतात आणि दुसरं टाकून देतात. त्यांना वाटतं काम झालं. मशीन मात्र दुसऱ्या उत्तरासाठी पाच सेकंद थांबतं. यावर ‘सिंगल रिक्वेस्ट रीओपन’ नावाचा पर्याय रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये लिहिता येतो. तो लिहिताच पाच सेकंद नाहीसे झाले तर दोषी कोण हेही कळलं.

## नावातली टिंबं आणि शेपट्या

काही वेळा सगळे सर्व्हर धडधाकट असतात आणि आपण लिहिलेलं नावच जास्तीचे प्रश्न ओढवून घेतं.

कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या व्यवस्थेत हे फार होतं. तिथे प्रत्येक कंटेनरला असं सांगितलेलं असतं की नावात पाचपेक्षा कमी टिंबं असतील तर ते अर्धवट नाव समज आणि त्याला आपल्या घरच्या शेपट्या लावून बघ. बाहेरच्या डेटाबेसच्या नावात अनेकदा दोन-तीनच टिंबं असतात. मग मशीन आधी त्याला एक शेपटी लावून विचारतं, मग दुसरी, मग तिसरी, आणि दर वेळी आयपी ४ चा एक आणि आयपी ६ चा एक असे दोन प्रश्न. तीन शेपट्या म्हणजे खऱ्या प्रश्नाआधी सहा फुकटचे प्रश्न. सगळ्यांना झटपट नकार मिळाला तर जाणवत नाही. त्यातलं एक जरी पाकीट हरवलं तर पाच सेकंद. उपाय अगदी छोटा: नावाच्या शेवटी एक टिंब द्या. त्याचा अर्थ, हे नाव पूर्ण आहे, याला काही जोडू नका. काही ड्रायव्हरना आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राच्या तपासणीला ते शेवटचं टिंब खटकतं, म्हणून आधी करून पाहा.

‘डॉट लोकल’ने संपणारी नावं ऑफिसच्या नेटवर्कला देऊ नयेत, हेही इथेच सांगतो. २०१३ पासून ती शेपटी आसपासच्या उपकरणांना हाक मारून शोधण्याच्या पद्धतीसाठी राखीव आहे. काही मशीन अशा नावासाठी आधी आजूबाजूला हाका मारतात आणि मगच डीएनएसकडे वळतात. काही डीएनएसकडे जातच नाहीत.

आणि ‘लोकलहोस्ट’. म्हणजे हेच मशीन. यात शोधायचं काय, असं वाटेल. पण या नावाला दोन पत्ते असतात, एक आयपी ६ चा आणि एक आयपी ४ चा, आणि अनेकदा आयपी ६ चा आधी वापरला जातो. डेटाबेस फक्त आयपी ४ वर ऐकत असेल तर पहिली हाक वाया जाते. लिनक्सवर नकार तत्क्षणी मिळतो. विंडोज मात्र नकार मिळाल्यावरही पुन्हा पुन्हा विचारून पाहतं, आणि एखाद-दोन सेकंद जातात. प्रत्येक चाचणीत नवी जोडणी उघडणाऱ्या प्रोग्रॅमरला हे एखाद-दोन सेकंद दिवसभर छळतात. सेटिंगमध्ये १२७.०.०.१ लिहिलं की संपलं.

मोंगोडीबी हा डेटाबेस वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिथे अनेक सर्व्हरचा गट असेल तर तुम्ही सेटिंगमध्ये दिलेला पत्ता फक्त पहिल्या ओळखीपुरता असतो. तो सर्व्हर ड्रायव्हरला गटातल्या सगळ्या सदस्यांची नावं देतो आणि ड्रायव्हर पुढे त्याच नावांनी चालतो. ती नावं तुमच्या मशीनला शोधता येत नसतील, तर तुम्ही सेटिंगमध्ये आयपी पत्ता लिहूनही ड्रायव्हर ताटकळतो, मुळात तीस सेकंदांपर्यंत. पत्ता बरोबर असून जोडणी होत नाही म्हणून हैराण झालेल्या अनेकांचं कारण हेच असतं.

## ‘मी तीन सेकंदांचा टाइमआउट ठेवलाय, मग दहा कसे लागतात?’

कारण तो टाइमआउट पुष्कळदा नाव शोधण्याला लागूच होत नाही. नाव शोधण्यासाठी बहुतेक ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ या एकाच दारातून जातात, आणि त्या दाराला वेळेची मर्यादा सांगण्याची सोयच नाही. एकदा आत गेलं की उत्तर येईपर्यंत बाहेर येता येत नाही. पोस्टग्रेसच्या मूळ ड्रायव्हरचं हेच आहे. त्याचा जोडणीचा टाइमआउट पत्ता हातात आल्यावर मोजला जातो.

नोड, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी व्यवस्था, वापरणाऱ्यांना याची झळ जास्त बसते. तिथे ही चौकशी चार कामगारांच्या एका छोट्या तुकडीकडे जाते, आणि फाइल वाचण्यासारखी इतर कामंही तीच तुकडी करते. नावांच्या चौकश्यांना त्यातले एका वेळी जास्तीत जास्त दोनच कामगार मिळतात; दोन चौकश्या मौनात अडकल्या की बाकीच्या चौकश्या रांगेत. मग डेटाबेसशी काही संबंध नसलेल्या सर्व्हरांच्या जोडण्याही थांबतात आणि संशय भलतीकडेच जातो.

## ‘मग सरळ आयपी पत्ताच लिहितो’

तपासणीसाठी जरूर लिहा. नावाऐवजी पत्ता टाकला आणि पाच सेकंद गेले, तर निदान झालं. पत्ता टाकूनही वेळ तसाच राहिला, तर उलटी चौकशी तपासायला घ्या. दोन मिनिटांत शोधाचं क्षेत्र अर्धं होतं.

कायमचा उपाय म्हणून मात्र मी हे सुचवणार नाही. डेटाबेस उद्या दुसऱ्या मशीनवर हलवला की प्रत्येक सेटिंग शोधून बदलावी लागेल. क्लाउडमध्ये तर मुख्य सर्व्हर पडला की तेच नाव दुसऱ्या सर्व्हरकडे वळवलं जातं. तुम्ही पत्ता कोरून ठेवला असेल तर तुमचा प्रोग्रॅम पडलेल्या सर्व्हरलाच हाका मारत राहील. शिवाय सुरक्षित जोडणीत सर्व्हरचं प्रमाणपत्र नावाशी ताडून पाहतात. नावच दिलं नाही तर ती तपासणी फसते, आणि मग लोक तपासणीच बंद करून टाकतात. ते तर मुळीच करू नका. पोस्टग्रेसमध्ये यावर सुरेख सोय आहे: ‘होस्ट’मध्ये नाव आणि ‘होस्टअ‍ॅडर’मध्ये पत्ता, असे दोन्ही देता येतात. जोडणी पत्त्यावर होते, चौकशी टळते आणि प्रमाणपत्र नावाशीच ताडलं जातं.

होस्ट्स फाइलमध्ये नाव-पत्ता लिहिणं हा मधला मार्ग. दोन-चार मशीन असतील तर चालतो. पण त्या ओळीशेजारी तारीख आणि कारण लिहा, कारण वर्षभराने ती कुणाच्या लक्षात राहणार नाही. स्वतःच्या मशीनचं नाव मात्र होस्ट्स फाइलमध्ये असायलाच हवं. जावातले काही ड्रायव्हर जोडताना ‘मी कोण’ हे सर्व्हरला कळवण्यासाठी स्वतःच्याच मशीनचं नाव शोधतात, आणि ते फाइलमध्ये नसेल तर त्यासाठीही डीएनएसला विचारलं जातं.

खरा उपाय मुळाशी आहे: डीएनएस सर्व्हरच्या यादीतले बंद सर्व्हर काढणं, खासगी पत्त्यांची उलटी यादी बनवणं किंवा निदान झटपट ‘नाही’ म्हणणारा कुणीतरी ठेवणं, आणि मशीनवरच उत्तरं काही काळ साठवणारी व्यवस्था बसवणं. तोवर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये पाच सेकंदांचा एक सेकंद करून घेता येतो. त्याने दुखणं जात नाही, पण दिवस निभावतो.

## ‘आमच्याकडे कनेक्शन पूल आहे, आम्हाला काय फरक पडतो?’

पूल म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा. तो असेल तर रोजच्या कामात हे पाच सेकंद दिसणार नाहीत. दिसतील ते नेमके अडचणीच्या वेळी: प्रोग्रॅम नव्याने सुरू केला तेव्हा, गर्दी वाढून साठ्यात भर घालावी लागली तेव्हा, नेटवर्कच्या एखाद्या झटक्याने सगळ्या जोडण्या तुटून एकदम नव्या कराव्या लागल्या तेव्हा. ज्या प्रोग्रॅममध्ये दर विनंतीला नवी जोडणी उघडते, तिथे तर पूल नसतोच आणि प्रत्येक वापरकर्ता पूर्ण किंमत मोजतो.

हे सगळं तपासून झालं की दुरुस्ती बहुतेकदा तुमच्या हातात नसते. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना सांगावं लागतं. तेव्हा ‘डेटाबेस स्लो आहे’ असं सांगू नका. त्यावर त्यांना करण्यासारखं काही नसतं. अमुक मशीनवरून, अमुक वाजता, अमुक नावाची चौकशी यादीतल्या पहिल्या सर्व्हरकडे गेली, पाच सेकंद उत्तर आलं नाही, मग दुसऱ्याने तीन मिलिसेकंदांत दिलं, आणि ही टिपलेली पाकिटं सोबत जोडली आहेत, असं लिहून पाठवा.